शब्दाचं क्रियापद धरा

इंग्रजीच्या बाई म्हटलं की ऐंशीच्या दशकातल्या आपल्या शाळेच्या कुठल्याही तुकडीला कोण ते सांगावं लागत नाही. पाचवीत ए-बी-सी-डीशी पहिली गाठ पडलेल्या आम्हा मराठी माध्यमाच्या मुलांना त्यांनी आठवी ते दहावी इंग्रजी शिकवलं. पुढे मी वकील झाले. इंग्रजी कागद वाचायचे आणि समोरच्या पक्षकाराला त्यात काय आहे ते मराठीत समजावून सांगायचं, यात माझा दिवस जातो. या कामाचं निम्मं शिक्षण आठवीच्या त्या वर्गात झालं, हे मी आजही मनापासून मानते.

नवीन शब्द आला की वहीत अर्थ लिहून घ्या, असं बाईंनी कधी सांगितलं नाही. "अर्थ नंतर. आधी त्याचं क्रियापद धरा," असं त्या म्हणायच्या. कॉम्पिटिशन, कॉन्टेस्ट, डिस्प्यूट, क्वारल, कॉन्ट्रोव्हर्सी हे सगळे शब्द गाइडमध्ये 'स्पर्धा, वाद, भांडण' एवढ्यावर उरकलेले असायचे. बाईंनी ते फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि विचारलं, याचं माणसं करतात काय? कॉम्पिटिशनमध्ये आपण उतरतो. डिस्प्यूट मिटवतात, कॉम्पिटिशन मिटवायला कुणी जात नाही. क्वारल उकरून काढता येतं, आणि त्याला मुद्दा असलाच पाहिजे असं नाही. कॉन्ट्रोव्हर्सी उठते. ती दोघांत राहत नाही, सगळा गाव तिच्यात बोलू लागतो, म्हणून ती मिटवणारा असा एक माणूस सापडत नाही. मग खडू आमच्या हातात देऊन त्यांनी तेच मराठीत करायला लावलं. स्पर्धा भरते, चुरस लागते, वाद घालतात, भांडण जुंपतं, तंटा मिटवतात, खटला चालतो. आपल्या भाषेतही हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

कॉन्टेस्टवर मात्र त्या बराच वेळ थांबल्या. या शब्दाला दोन अंगं आहेत. नाम म्हणून तो चढाओढ, लढत. क्रियापद म्हणून आला की दुसऱ्याचं म्हणणं मान्य नाही असं उभं राहून सांगणं. मृत्युपत्र कॉन्टेस्ट करतात, म्हणजे त्याला हरकत घेतात. निवडणूक कॉन्टेस्ट करतात, म्हणजे लढवतात. पुढे १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा अभ्यासाला आला, तेव्हा बाईंचा फळा मला पुन्हा वाचायला मिळाला. अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर जे उरतात त्यांची यादी लागते, ती 'कॉन्टेस्टिंग' उमेदवारांची. मतदान होतं, निकाल लागतो आणि इथे तो शब्द संपतो. निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते, आणि कायद्याच्या त्या भागाचा मथळाच 'डिस्प्यूट्स' असा आहे. माणसं तीच, जागा तीच. पण लढतीचा निकाल मतदारांनी दिला होता, आता निवाडा न्यायाधीश देणार. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

कामगारांच्या प्रकरणांतही तेच. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'डिस्प्यूट'ची व्याख्या होती, आणि एकट्या कामगाराला कामावरून काढलं तर तो 'औद्योगिक विवाद' ठरतो का, हा प्रश्न वर्षानुवर्षं कोर्टात होता. संघटना किंवा बरेचसे सहकारी कामगार पाठीशी उभे राहिले तरच तो विवाद, अशी परिस्थिती होती. १९६५ साली कायद्यात २-अ हे कलम घातलं गेलं, तेव्हा कुठे काढलेल्या एकट्या माणसाचं गाऱ्हाणंही विवाद मानलं जाऊ लागलं. एका शब्दाच्या आत बसतो की बाहेर राहतो, यावर माणसाची नोकरी अवलंबून होती. उलट २००२ चा कॉम्पिटिशनचा कायदा घ्या. तिथे बाजारातली स्पर्धा जपायची आहे, ती मोडणाऱ्याला दंड आहे. एक जपायची गोष्ट, दुसरी मिटवायची. गाइडात दोघांची जागा एकाच ओळीत होती.

आपण कृष्णाकाठची माणसं, म्हणून एक शब्द बाईंनी खास आमच्यासाठी राखून ठेवला होता: रायव्हल, प्रतिस्पर्धी. त्याचं मूळ लॅटिनमध्ये, एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा शेजारी असं. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला, १९७३ मध्ये निवाडा आला. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी. घरी जेवताना वडीलधाऱ्यांच्या तोंडी हे आकडे असायचे. त्या दिवशी वर्गात कुणाला शब्दार्थ वेगळा सांगावा लागला नाही.

वादविवाद स्पर्धेची तयारी त्या आणि संस्कृतचे सर मिळून करून घ्यायचे. न्यायसूत्रं म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचा ग्रंथ. सरांनी त्यातले चर्चेचे तीन प्रकार समजावले. तत्त्व कळावं म्हणून दोघं बोलतात तो वाद, जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडून काढतात ती वितंडा. मी विचारलं, मग आपली ढाल मिळवायची स्पर्धा म्हणजे जल्पच ना? सर हो म्हणाले. बाई म्हणाल्या, स्पर्धेच्या दिवशी जल्प करा, पण तयारी वादाची करा. त्यांचा नियम कडक होता. समोरच्याचा मुद्दा आधी आपल्या शब्दांत मांडायचा, आणि 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं त्याने कबूल केल्याशिवाय खंडनाला तोंड फोडायचं नाही. माझी मैत्रीण विरुद्ध बाजूला असायची. ती सहजासहजी कबूल करायची नाही, आणि तिला पटेपर्यंत तिचाच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडताना माझी स्वतःची बाजू कुठे पोकळ आहे ते मला दिसायचं. जुन्या शास्त्रार्थांत पूर्वपक्ष म्हणतात तो हाच. उलटतपासणीच्या आदल्या रात्री मी आजही विरुद्ध बाजूची कैफियत आधी लिहून काढते, तिच्या वकिलाने लिहावी तितक्या आस्थेने.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या समितीला एक विनंती आहे. यंदाच्या वादविवाद स्पर्धेत गुणपत्रिकेवर एक रकाना वाढवावा: प्रतिपक्षाचा मुद्दा किती प्रामाणिकपणे मांडला. ढालीचा खर्च आमची तुकडी करील. तयारीसाठी आठवी-नववीच्या मुलांना शनिवारी दुपारी मोकळं ठेवलंत, तर मी आणि ती मैत्रीण दोघी येऊ. ती आजही सहजासहजी कबूल करत नाही, मुलांना सराव चांगला होईल.