घासाघीस कोणी केली?

कफ परेडला एमटीएनएलच्या इमारतीत राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाचं खंडपीठ बसतं. त्या दिवशी बोर्डावर आमचं मॅटर चौदावं होतं. नाशिककडच्या एका जुन्या कारखान्याचं दुसऱ्या कंपनीत विलीनीकरण, आणि दोन्हीकडे बहुमत एकाच प्रायव्हेट इक्विटी फंडाचं, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्या विकत घेणाऱ्या फंडाचं. मी कंपनीच्या बाजूने, सीनियरांच्या मागे फायली घेऊन बसलेले.

आक्षेप एकट्याचाच. त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर, पंचाहत्तरीचे, शेअर चारशे. वकील नाही.

आमचा मुद्दा पक्का होता. कंपनी कायद्याच्या कलम २३० प्रमाणे किमान १० टक्के भागभांडवल असल्याशिवाय भागधारकाला स्कीमवर, म्हणजे विलीनीकरणाच्या योजनेवर, हरकत घेता येत नाही. शिवाय सभेत तीन-चतुर्थांश मूल्याची मतं मिळालेली. सीनियरांनी सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा मफतलाल इंडस्ट्रीजचा निकाल वाचला: भागधारकांच्या व्यावहारिक निर्णयावर कोर्ट अपिलात बसत नाही.

खंडपीठाने तरी काकांना बोलू दिलं.

"साहेब, देणारा तोच, घेणारा तोच. मग आमच्या वतीने घासाघीस कोणी केली?"

खंडपीठाच्या सदस्यांनी मूल्यांकन अहवाल मागवला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कारखान्यामागची मोकळी जमीन त्यात जुन्या खरेदीच्या किमतीला धरली होती. जमीन स्वस्त, म्हणून कंपनी स्वस्त, म्हणून काकांच्या शेअरच्या बदल्यात मिळणारे नवे शेअर कमी. मला ते महिनाभर आधीच दिसलं होतं. सीनियरांना दाखवलंही होतं. "अहवाल व्हॅल्युअरचा आहे, आपला नाही," एवढंच उत्तर मिळालं आणि मी गप्प बसले. मफतलालच्या त्याच निकालात हेही आहे की, बहुमताने अल्पमतावर स्वतःच्या फायद्यासाठी जबरदस्ती केली नाही ना, हे कोर्टाने बघायचं. तो परिच्छेद आम्ही वाचला नाही.

जमिनीबद्दल खुलाशाचं प्रतिज्ञापत्र मागितलं गेलं. आम्ही ते दिलं. तीन आठवड्यांनी स्कीम मंजूर झाली. काकांचा आक्षेप १० टक्क्यांच्या अटीवर फेटाळला गेला, त्यांच्या प्रश्नाला आदेशात उत्तर नव्हतं.

बाहेर बाकावर ते कागद पिशवीत नीट लावत होते. मला पाहून उठायला लागले. मी म्हटलं, "बसा काका."

"मॅडम, तुम्ही त्यांच्या बाजूच्या, विचारू नये. पण पुढे जायचं तर मुदत किती?"

"आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवस. अपील दिल्लीला."

त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि आकडा लिहून घेतला.