ओवीचे हात मोकळे करताना : माझा अनुभव

माझी मुलगी ओवी गरोदरपणाच्या एकतिसाव्या आठवड्यात झाली. त्यामुळे तिचं वय आम्हाला दोन तऱ्हेनं मोजावं लागायचं. एक जन्मतारखेचं आणि दुसरं डॉक्टरांचं 'करेक्टेड', म्हणजे लवकर जन्मल्याचे नऊ आठवडे वजा करून. साधारण दोन वर्षांपर्यंत मान धरणं, बसणं, रांगणं हे सगळं या दुसऱ्या वयानं बघतात. बारशाला आलेल्या प्रत्येक काकू-मावशीला हे कोण समजावत बसणार! पहिले काही महिने त्या वजाबाकीनं धीर दिला. पण करेक्टेड दहा महिने झाले तरी हाताचा टेकू काढला की ती सैल मळलेल्या कणकेसारखी पुढं कलंडायची. मग आमची वजाबाकी संपली. निदान लिहून मिळालं : विकासात विलंब, स्नायूंचा ताण कमी.

ज्यांना सुरुवात कुठून करावी कळत नाही त्यांच्यासाठी आधी एवढं सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं आणि शंका वाटली तर पुढं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. पथकाची वाट बघत थांबायचं मात्र कारण नाही. अंगणवाडी ताईंना किंवा बालरोगतज्ज्ञांना स्वतःहून विचारलं तरी चालतं.

आम्ही फिजिओथेरपीला जायला लागलो तेव्हा मी मोबाईलवर खास खुर्च्या, रंगीत लोड, मऊ पायऱ्या असलं बरंच काही बघून ठेवलं होतं. एका दुकानदारानं तर खुर्चीचा भाव असा सांगितला की यांचा दोन महिन्यांचा पगार त्यात गेला असता, आणि वर "आज बुक केली तरच हा रेट" अशी घाई. फिजिओथेरपीच्या मॅडमनी ती यादी बघितली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "घरात चादरी किती आहेत?"

सोलापूरकराला हा काय प्रश्न झाला! हे पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यात कामाला. चादरी आणि सेकंडचे टॉवेल याशिवाय आमच्या कपाटात दुसरं आहे काय? मॅडमनी एक चादर उभी दुमडून घट्ट गुंडाळायला लावली, दोन्ही टोकांना नाडी बांधली आणि झाला लोड. जाडी एवढीच की ओवीला छातीखाली तो देऊन पालथं घातलं की कोपरं आणि तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. जाड झाला तर हात अधांतरी राहतात, बारीक झाला तर नाक जमिनीला लागतं. खेळणं समोर, पण डोळ्यांच्या किंचित वर, म्हणजे ते बघायला मान उचलावीच लागते. सुरुवातीला ती मिनिटभरात रडायची. म्हणून एकदम पंधरा मिनिटांचा हट्ट न धरता प्रत्येक वेळी लंगोट बदलला की थोडं थोडं, असं ठरलं. मी कायम समोर, जमिनीवर आडवी.

बसण्याकडे बघायची माझी नजर मात्र मॅडमच्या एका प्रश्नानं बदलली. एकदा मी ओवीला भिंतीच्या कोपऱ्यात उश्या लावून बसवलं आणि मोठ्या कौतुकानं दाखवलं. त्या म्हणाल्या, "बसवलंत. आता हाताला काय देणार?" बघते तर तिचे दोन्ही हात मांडीशेजारी जमिनीवर गच्च रोवलेले. पडायची भीती असली की हात शरीर सांभाळण्यात गुंततात. मग खुळखुळा धरायला, या हातातनं त्या हातात घ्यायला, तोंडात घालून बघायला हात उरतच नाहीत. आधार द्यायचा तो हात सुटावेत म्हणून, आणि तोही जेवढा कमी पडतोय तेवढाच. त्याच्या वर दिलेला आधार तिचंच काम खातो.

यासाठी कॉर्नर चेअर लागते. दोन फळ्या काटकोनात जोडलेल्या, मूल त्या कोपऱ्यात बसतं. फळ्यांमुळे खांदे आपोआप पुढं येतात आणि दोन्ही हात छातीसमोर एकमेकांना भेटतात. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना फोटो दाखवला तर म्हणाले, "ताई, फोटोवरनं खुर्ची हुत न्हाई. लेकराची मापं आणा की."

मापं मॅडमनीच घेतली. बसायची फळी किती खोल, तर कुल्ल्याच्या मागच्या बाजूपासून गुडघ्याच्या लवणापर्यंत, त्यातनं दोन बोटं कमी. बैठकीची उंची अशी की पावलं पूर्ण टेकतील, लोंबकळणार नाहीत. कंबर, गुडघे आणि घोटे तिन्ही काटकोनात. ट्रे कोपराच्या उंचीला, पोटाशी अर्धगोल कापलेला आणि बाहेरच्या कडेला पट्टी मारलेला, नाहीतर प्रत्येक वस्तू खाली. मांड्यांच्या मध्ये एक छोटा खुंटा, म्हणजे मूल पुढं घसरत नाही आणि पाय जुळत नाहीत. पट्टा पोटावर न येता मांडी आणि कंबर मिळते तिथं तिरका बसला पाहिजे. पट्टा वर सरकला तर मूल खालनं घसरतं आणि तो थेट छातीशी येतो, म्हणून यात तडजोड नको. मिस्त्रींनी कडा गोल घासल्या, गादीवाल्याकडनं फोम आणि रेक्झिन चढवून घेतलं. चैत्रात ते रेक्झिन ओवीच्या पाठीला चिकटायला लागलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात बिनकापडाचं रेक्झिन म्हणजे छळच. त्यावर टॉवेल शिवून टाकला.

ट्रेवर काय द्यायचं हे शोधण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त मजाही तिथंच आली. खेळणं हात लागताच निसटत असेल तर मूल कंटाळतं. त्याच्याखाली ओला पिळलेला टॉवेल अंथरला की वाटी, डबी जागची हलत नाही. परातीत ज्वारी आणि त्यात लपवलेली गड्ड्याच्या जत्रेतली भातुकली हा तिचा आवडता खेळ. मी पूर्ण वेळ शेजारी असते आणि खेळ संपला की परात लगेच वर. शेंगदाणे मात्र कधीच नाही. आमच्या घरात शेंगाचटणी रोजची, दाणे कुठंही सापडतात, आणि एवढ्या लहान मुलाच्या श्वासनलिकेत दाणा अडकणं जिवावरचं असतं. एक दिवस तिनं डाव्या हातात वाटी धरून उजव्या हातानं त्यात ज्वारी टाकली. तीन-चारच दाणे पडले असतील, पण दोन्ही हात दोन वेगवेगळी कामं करत होते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातनं ओरडल्या, "अगं बाई, खेळालीय बघा की!"

मुलाला खुर्चीत बसवून स्वयंपाक उरकायचा मोह होतो, खोटं कशाला बोलू. पण वीस-पंचवीस मिनिटांवर ठेवायचं नाही असं आम्हाला सांगितलं होतं. ती मान टाकायला लागली, एका बाजूला झुकली की वेळेआधीही बाहेर. जमिनीवर लोळण्याची, वळण्याची, सरपटण्याची जागा खुर्ची घेऊ शकत नाही.

थेरपीच्या केंद्रातला झोपाळा तिला फार आवडायचा. चार दोरांवरची सपाट फळी, मॅडम मागं बसलेल्या. हळू, एका लयीत झोका दिला की मूल शांत होतं. मध्येच थांबवला, दिशा बदलली की ते जागं होतं, तोल सावरायला बघतं. चेहरा पांढरा पडला, उचकी लागली, नजर चुकवायला लागलं तर तिथंच थांबायचं. "आमची साडीची झोळी आहे की," आत्या म्हणाल्या. झोळी झोपवायला ठीक, पण तिच्यात अंग गोळा होतं आणि सावरायला काही उरत नाही.

उभं राहण्याच्या चौकटीला, म्हणजे मुलाला आधारानं उभं धरून ठेवणाऱ्या साधनाला, घरच्यांचा विरोध होता. "पोरीला बांधून ठेवायचं?" कारण समजलं तेव्हा विरोध मावळला. खुब्याची खोबण उभं राहून पायावर भार आला की नीट खोल होते. दीड-दोन वर्षांचं होऊनही मूल उभंच राहिलं नाही तर ती उथळ राहू शकते. चौकट केंद्रानं वापरायला दिली, घोट्यांना स्प्लिंट, म्हणजे पाऊल नीट धरून ठेवणारे साचे, घातले. स्प्लिंट काढल्यावर पाय बघायचे : लाल डाग वीसेक मिनिटांत गेला तर ठीक, नाही गेला तर स्प्लिंट दुरुस्तीला न्यायचा. आम्हाला तो एकदा न्यावा लागला.

आणि मग वॉकर. आत्यांनी नव्या पेठेतनं गोल, चाकांचा, आत बसायचा वॉकर आणला, हौसेनं. मॅडमनी स्पष्ट नाही म्हटलं. त्यात मूल लोंबकळतं, चवड्यांवर ढकलतं, आणि पायऱ्यांवरनं उलटण्याचा धोका वेगळाच. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. आत्या दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मग आमचा पांगुळगाडा तरी चालतोय का, विचार." चालला! मागं उभं राहून ढकलायचा असल्यानं भार स्वतःच्याच पायावर येतो. फक्त शहाबादी फरशीवर तो सुसाट पळायचा आणि ओवी मागं आडवी. म्हणून पुढच्या बाजूला मिठाच्या पिशव्या बांधल्या, चाकांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले. पाय स्थिरावले तशा पिशव्या कमी केल्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, आणि ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं कवच आहे. खुर्ची-चौकटीवर खर्च करण्याआधी सरकारी शिबिरात काय मिळतं तेही विचारा. त्या रांगेत दिवस मोडतो, डबा बरोबर घेऊन जा.

आता खुर्चीचा पट्टा काढलाय, खुंटा अजून आहे. मॅडमनी पाठ नसलेला छोटा स्टूल करून घ्यायला सांगितलंय, खेळायला समोर टेबल. मिस्त्री म्हणाले, पुढच्या आठवड्यात करतो, पण या खेपेला मापं कागदावर नकोत, पोरगीलाच घेऊन या, स्प्लिंट आणि बूट घालून. त्यानं उंची बोटभर वाढते.