एका कान्यासाठी तालुक्याच्या चकरा

बाबा मागच्या दिवाळीनंतर गेले. यवतमाळ जिल्ह्यात आमचं चार एकर कोरडवाहू वावर, कपाशी अन् तूर. पेरणीआधी पीक कर्ज पाहिजे होतं तर सोसायटीवाले म्हणे आधी सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवा. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून लवकर भेटला, वाटलं झालं काम. तलाठी साहेबांनी दाखला अन् सातबारा शेजारी शेजारी ठेवला. दाखल्यावर वामन, ऑनलाइन सातबाऱ्यावर वमन. काना गायब! ज्या वावरात बाबांचा जन्म गेला त्याच्यावर त्यांचं नाव असं, मला लई लागलं ते.

म्हटलं साहेब, एक काना तर टाकाचा आहे. ते म्हणे भाऊ, माह्या हातात नाही, जमीन महसूल कायद्याच्या कलम 155 खाली तहसीलदाराचा आदेश लागते. मग सरपंचाकडे गेलो, त्यांनी मनापासून धावपळ केली, पंचायत समितीत फोन लावला, पण तिथून होणारच नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. तालुक्याच्या गावी दोन्ही ऑफिसं आहेत पण घरकुलाचं काम पंचायत समितीकडं, अन् जमिनीचं तहसीलमध्ये, तहसीलदार नेमते शासन, त्याच्या वर एसडीओ म्हणजे उपविभागीय अधिकारी, मग कलेक्टर, मग अमरावतीचे विभागीय आयुक्त. गावानं निवडून दिलेल्या माणसाची सही या साखळीत कुठंच नाही. जमीन महसूल कायदा 1966 चा, सगळ्या राज्याला एकच, अन् आमच्या कान्याचा निकाल त्याच कायद्यानं तालुक्याच्या टेबलावर.

बत्तीस किलोमीटर, एसटीनं, चार चकरा. एकदा बाबू सुट्टीवर, एकदा माझाच अर्ज अपुरा. काम झालं ते रेकॉर्ड रूममधल्या जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यानं. त्याची नक्कल हातात आली तर निळ्या शाईत वामन, काना चांगला लांब ओढलेला, मी तिथंच उभं राहून दोनदा वाचला. कोणाचं नाव ऑनलाइनमध्ये असं चुकलं असेल तर पहिल्याच दिवशी ही नक्कल मागा, तिच्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही.

आदेश झाला, मग वारस फेरफार, 15 दिवसांची नोटीस, अन् मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली तेव्हा जून लागला होता. 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. आईचं नाव, माझं, बहिणीचं. बाबांच्या नावाला कंस झाला, पण कान्यासकट.