शाळा जिल्हा परिषदेची, मग केंद्राचे काम काय?

"शाळा जिल्हा परिषदेची, गुरुजींचा पगार राज्य सरकारकडून, मग शिक्षणात केंद्र सरकारचे काम तरी काय?" तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा या केंद्र-राज्यांच्या एकत्रित खर्चाच्या शालेय शिक्षण योजनेचा हिशेब मी पाहते, त्यामुळे हा प्रश्न मला शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांत आणि नातेवाइकांतही वरचेवर विचारला जातो. तुम्हीही विचारलात, म्हणून सविस्तर लिहिते. माझे मत आधीच सांगते: शाळेत काय व्हावे हे ठरवण्याचा केंद्राचा अधिकार गेल्या पन्नास वर्षांत जितका वाढला, तितकी त्यासाठी पैसे देण्याची जबाबदारी वाढली नाही.

मूळ राज्यघटनेत शिक्षण हा प्रामुख्याने राज्यांचा विषय होता. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत गेला. पुढे 2002 च्या 86 व्या दुरुस्तीने 6 ते 14 वयोगटातील मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. या कायद्याचे सातवे कलम प्रत्येकाने वाचावे असे मला वाटते. निधीची जबाबदारी केंद्र व राज्य या दोघांची, असे ते सुरुवातीला सांगते. राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा आराखडा आणि शिक्षक प्रशिक्षणाचे निकष ठरवण्याचे काम केंद्राला देते. आणि केंद्राने दिलेली रक्कम विचारात घेऊन प्रत्यक्ष अंमलबजावणीसाठी पैसा उभा करण्याचा भार मात्र राज्यावर ठेवते.

आता पैशाकडे पाहू. समग्र शिक्षेच्या आधीची योजना असलेले सर्व शिक्षा अभियान सुरू झाले तेव्हा केंद्र आणि राज्य यांचा वाटा 85:15 होता. तो 75:25 झाला, शिक्षण हक्क कायद्यानंतर 65:35 आणि 2015-16 पासून 60:40. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा हिस्सा 32 वरून 42 टक्क्यांवर नेला, तेव्हा राज्यांच्या हाती मोकळा पैसा आलाच ना, असे यावर सांगितले जाते. ते खरे आहे आणि रास्तही आहे. परंतु केंद्राचा शिक्षण उपकर, म्हणजे कराच्या रकमेवर लावला जाणारा जादा कर, तोही वाढत गेला. 2004 मध्ये 2 टक्के, 2007 मध्ये आणखी 1 टक्का आणि 2018 पासून आरोग्य व शिक्षण मिळून 4 टक्के. उपकराचा पैसा राज्यांमध्ये वाटल्या जाणाऱ्या करांत धरला जात नाही. शिक्षणाच्या नावाने गोळा होणाऱ्या या रकमेतून कोणाला किती द्यायचे, हे केंद्रच ठरवते.

60:40 या प्रमाणातील खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांना 90:10 ची सवलत आहे, पण ती वगळता बिहारला आणि महाराष्ट्राला प्रमाण एकच. ज्या राज्याचे स्वतःचे करउत्पन्न तुटपुंजे आणि शाळेत जाणारी मुले अधिक, त्यानेही आपले 40 टक्के उभे करायचे. ते वेळेत जमा झाले नाहीत तर केंद्राचा पुढचा हप्ता अडतो. म्हणजे ज्याला मदतीची गरज सर्वाधिक, त्यालाच ती मिळवणे सर्वाधिक कठीण. मूल कोणत्या राज्यात जन्मले यावर त्याच्या शाळेचा दर्जा ठरू नये, हे पाहण्याची ताकद कोणत्याही एका राज्याकडे नाही. ती फक्त केंद्राकडे आहे आणि म्हणूनच माझ्या दृष्टीने केंद्राचे पहिले काम हेच आहे.

गोपाळ कृष्ण गोखले यांना हे शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. 1911 मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने उचलावा आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी ते विधेयक 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले.

ही सारी चर्चा शाळेत पोहोचते तेव्हा कशी दिसते, तेही सांगते. 31 ते 100 पटाच्या शाळेसाठी वर्षाच्या संयुक्त शाळा अनुदानाचा निकष 25 हजार रुपयांचा आहे. वीजबिल, खडू-डस्टर, नळदुरुस्ती, प्रयोगाचे साहित्य हे सारे त्यातच, शिवाय किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. ही रक्कम शाळेच्या हाती रोख येत नाही. पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर खर्चाची मर्यादा दिसते आणि आर्थिक वर्ष संपले की न वापरलेली मर्यादा निघून जाते. मर्यादा मार्चमध्ये आली, तर जूनपासून थकलेली देयके भागवायची की छताची गळती, हा निर्णय मुख्याध्यापकांना चार-आठ दिवसांत घ्यावा लागतो. अशा वेळी त्यांचा मला फोन येतो आणि माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे काही नसते. कोठारी आयोगाने 1966 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असे सुचवले आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तोच आकडा आहे. केंद्र व राज्ये मिळूनही तिथवर आपण पोहोचलेलो नाही.

निधीला धोरणमान्यतेची अट जोडणे मला अजिबात पटत नाही. निवडक शाळा आदर्श म्हणून विकसित करण्याच्या केंद्राच्या पीएम श्री योजनेच्या करारावर, आणि त्यासोबत 2020 च्या धोरणावर, तमिळनाडूने सही केली नाही म्हणून 2024-25 चा समग्र शिक्षेचा निधी रोखला गेला, असे सांगत ते राज्य मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या धोरणात मला आवडणाऱ्या अनेक गोष्टी आहेत, पायाभूत साक्षरतेवरचा भर तर विशेषच. तरीही दोन सरकारांच्या मतभेदात तिसरीतल्या मुलाच्या वर्गाचा पैसा अडावा, हे समर्थनीय नाही. निकष ठरवणे, मुले काय शिकली याची प्रामाणिक मोजणी करणे, हिशेब कडकपणे मागणे, हे केंद्राने जरूर करावे. परंतु हिस्सा देताना राज्याचे दरडोई उत्पन्न आणि शाळकरी मुलांची संख्या पाहावी, आणि हप्ता शाळा उघडण्यापूर्वी पोहोचवावा.