दगडातली चाकोरी

आज रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीच्या कडेने चाललो, स्टील रिगपासून हाउसस्टेड्सपर्यंत. अंतर जेमतेम ५ किलोमीटर, पण सगळा चढउतार. पोटऱ्या अजून भरून आल्यात. पूर्ण वाट १३५ किलोमीटरची, उत्तर इंग्लंडच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत. तेवढी सुट्टी नव्हती, म्हणून मला सगळ्यात सुंदर वाटणारा तुकडा निवडला.

इ.स. १२२ च्या सुमारास रोमन सैनिकांनी ही भिंत बांधायला घेतली. इथे ती काळपट कड्याच्या अगदी धारेवरून जाते. खाली तळ्याचं पाणी, आणि वारा असा की टोपी हातातच धरावी लागली.

सायकमोर गॅप नावाच्या खिंडीपाशी बराच वेळ थांबलो. तिथलं ते प्रसिद्ध एकटं झाड सप्टेंबर २०२३ मध्ये कुणीतरी रात्रीतून कापलं. नुसता बुंधा पाहून गलबललं. पण त्याला फुटवे आलेत!

हाउसस्टेड्सच्या रोमन किल्ल्यात पूर्व दरवाजाच्या दगडी उंबऱ्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेली चाकोरी आहे. उकिडवा बसून तिच्यात बोटं फिरवली. गार, गुळगुळीत. 'चाकोरी' हा शब्द शाळेपासून वापरतोय, ती हाताला आज पहिल्यांदा लागली.

जवळच्या विंडोलांडा या रोमन किल्ल्यात लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडलीत. त्यातल्या एकात क्लॉडिया सेव्हेरा आपल्या मैत्रिणीला, सुल्पिसिया लेपिडिनाला, वाढदिवसाला बोलावते. मजकूर लेखनिकाने लिहिलाय, पण शेवटच्या मायेच्या ओळी तिच्या स्वतःच्या अक्षरात. भिंतीच्याही आधीचं पत्र.

उद्या तिकडेच जाणार आहे.