पांढरा गंज, तांबडा गंज

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा मामांच्या वखारीतली जुनी चेनसॉ (इंजिनवर चालणारी साखळीची करवत) कित्येक दिवस पाण्याखाली होती. पूर ओसरल्यावर वरचा गाळ नळाखाली धुऊन ती पोत्यात गुंडाळली गेली आणि माळ्यावर चढली. गेल्या उन्हाळ्यात मी ती खाली उतरवली. पुराने केले त्याहून अधिक नुकसान त्या ओलसर पोत्याने केले, असे ती उघडल्यावर माझे मत झाले.

गंज एका जातीचा नव्हता. बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी), क्लचचा ड्रम आणि फ्लायव्हीलच्या कडेवर नेहमीचा तांबडा गंज होता. क्रँककेसवर (इंजिनाच्या बाहेरच्या कवचावर) मात्र, जिथे जिथे पोलादी स्क्रू बसला होता तिथे त्याच्याभोवती, पिठीसारखी पांढरी पूड फुलून आली होती आणि ती खरवडली की खाली खड्डे दिसत होते. वजन कमी राहावे म्हणून चांगल्या चेनसॉचे क्रँककेस बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे ओततात. हा धातू पोलादाला टेकलेला असताना मध्ये ओल आली, की दोघांची मिळून लहानशी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात झिजते ते मॅग्नेशियम. पोलाद जवळजवळ शाबूत राहते.

हे न ओळखता मी क्लचचा ड्रम ज्या व्हिनेगरमध्ये बुडवला होता, त्याच डब्यात मॅग्नेशियमचे झाकणही टाकले. क्षणात पाणी उकळावे तसे बुडबुडे उसळले. मी ते लगेच काढून धुतले, तरी मशीन केलेली गुळगुळीत कड खरबरीत झाली ती झालीच. ड्रमला मात्र तेच व्हिनेगर मानवले: रात्रभर ठेवून, सकाळी तारेच्या ब्रशने घासून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढला आणि कोरडा करून लगेच तेल लावले. तेलाला तासभर उशीर केला, तर स्वच्छ झालेल्या पोलादावर पुन्हा तांबूस छटा येते.

मॅग्नेशियम मी पॉलिश पेपरने, हाताने, सावकाश घासले. ग्राइंडर लावला नाही, कारण मॅग्नेशियमची बारीक पूड पेट घेते आणि त्या आगीवर पाणी टाकले तर ती भडकते. म्हणून शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवली होती. घासलेल्या भागावर त्याच दिवशी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा पहिला थर, मारला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो अडकलेल्या स्क्रूंवर. उष्णतेने मॅग्नेशियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे हॉट एअर गनने भोवतालचा भाग तापवून, डिझेल मुरू देऊन, थोडे पुढे थोडे मागे असे फिरवल्यावर बहुतेक सुटले. दोन तुटले, ते लेथवाल्याकडून ड्रिलने काढून नवे आटे पाडून घ्यावे लागले.

सिलिंडरमध्ये पिस्टनची रिंग जिथे थांबली होती, तिथे भिंतीवर तांबडी रेघ होती. तो गंज बिडाच्या रिंगचा होता. खालचे कठीण प्लेटिंग शाबूत असल्याने तेल लावून नरम स्क्रबरने तो निघाला. क्रँकची बेअरिंगे आणि साखळी मी साफ करत बसलो नाही, सरळ नवी घातली: खड्डे पडलेली बेअरिंग कितीही चकचकीत केली तरी घरघरते, आणि गंजलेली साखळी चालत्या करवतीवर तुटली तर माणसाच्या अंगावर येते.

जोडताना प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावले, म्हणजे पोलाद आणि मॅग्नेशियम यांच्यामध्ये पुन्हा पाणी शिरणार नाही. आता ती वखारीत पोत्याशिवाय, पुराच्या रेघेच्या हातभर वर, खुंटीला टांगलेली असते.