सही कराल का?

आमच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसरची एक जागा निघाली आणि आठ दिवसांत बायोडेटांचा ढीग लागला. रायगड जिल्ह्यातला रसायनांचा कारखाना, पगार बेताचा, शिफ्ट ड्युटी; तरी पार विदर्भातून मुलं आली. जुन्या कारखाने कायद्यात साधारण १००० कामगारांपासून सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत ती मर्यादा ५०० वर आली, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०, बांधकामालाही २५०. त्यामुळे जागा वाढणार हे खरं आहे आणि डिप्लोमाच्या क्लासवाल्यांना तेवढंच पुरतं. पोरं कर्ज काढून फी भरतात. त्या खुर्चीवर कंपनीला कसा माणूस हवा असतो, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

मुलाखतीत मी कलमं विचारत नाही. जुन्या कायद्यातलं कलम ३६, घातक वायू असलेल्या बंदिस्त जागेत उतरण्याबद्दलचं, कुणीही पाठ करून येतं. मी उमेदवाराला बंद रिअ‍ॅक्टरच्या, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते त्या टाकीच्या, मॅनहोलपाशी नेतो, आत उतरण्याचं परमिट आणि आतली हवा तपासायचा गॅस मीटर हातात देतो. दहा मिनिटं. प्रश्न एकच, सही कराल का?

रिअ‍ॅक्टरला नायट्रोजनची लाइन असते. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरतोय हे कळतसुद्धा नाही. ऑक्सिजन फारच उतरलेला असेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो. म्हणून नुसता वॉल्व्ह बंद करून भागत नाही, वॉल्व्ह गळतात. फ्लँज, म्हणजे पाइपचा जोड, सोडून ब्लाइंड, म्हणजे भरीव चकती, टाकायची, नाहीतर पाइपचा तुकडाच काढून ठेवायचा. मग मीटरची नळी वर, मध्ये आणि पार तळाशी सोडून ऑक्सिजन बघायचा. १९.५ टक्क्यांच्या खाली असला तर कुणी उतरायचं नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळं पुन्हा. कितीतरी ठिकाणी मॅनहोलच्या तोंडाशी मीटर धरतात आणि २०.८ लिहून मोकळे होतात. तिथे बाहेरचीच हवा असते! इतक्या वर्षांनंतरही हे बघितलं की माझं डोकं तापतं.

त्या दिवशी मी आदल्या दिवसाच्या परमिटच्या झेरॉक्सवर एक चूक मुद्दाम पेरली होती. रीडिंग सकाळी ९.१० चं, माणूस आत जाणार दुपारी अडीचला. नऊ जण आले. बहुतेकांनी हेल्मेट, बूट, हार्नेस बघितले आणि ‘हो, करू’ म्हणाले. दोघांनी वेळ पकडली.

त्या दोघांतला एक नांदेडकडचा. त्याने नायट्रोजनच्या लाइनवर हात ठेवला आणि पाइप धरून चालत थेट ब्लाइंडपर्यंत गेला. परत येऊन विचारलं, “नळी किती खाली सोडली होती?” मग मीटर उलटा करून मागचं कॅलिब्रेशनचं, म्हणजे मीटर अचूक दाखवतो का या तपासणीचं, स्टिकर वाचलं.

“सर, याचं कॅलिब्रेशन गेल्या महिन्यात संपलंय. मी सही नाही करणार.”

ही चूक मी पेरलेली नव्हती. आदल्या दिवशी त्याच मीटरच्या भरवशावर ठेकेदाराची दोन माणसं आत उतरली होती आणि मूळ परमिटवर सही माझी होती. ती दोघं सुखरूप वर आली. मीटर मी तासाभरात कॅलिब्रेशनला पाठवला, रजिस्टरमध्ये कारणासकट नोंद केली. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर पॅनेलसमोर एचआरच्या मॅडमनी त्याला विचारलं, आधीची नोकरी का सोडली? त्याने सरळ सांगितलं. बांधकामाची साइट होती, लाइफलाइन, म्हणजे पडणाऱ्याला धरून ठेवणारी दोरी, मचाणाच्याच पाइपला बांधलेली होती, मचाण कोसळलं तर तीही जाणार, त्याने परमिट अडवलं. अर्धा दिवस काम थांबलं. दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचा पास चालेना.

मॅडमनी शेरा लिहिला, ‘जुळवून घेणं कठीण’. प्लांट हेड साहेबांना ते पटलं. निवड झाली ती कँटीन आणि गाड्यांचंही बघेन म्हणणाऱ्याची. सेफ्टी ऑफिसरला त्याच्या कामाशी संबंध नसलेली कामं देऊ नयेत, असं नियमांतच आहे. ते मी बोलून दाखवलं, दोन ओळींत विरोध लिहिला आणि खाली सगळ्यांबरोबर सही केली. परमिट अडवणाऱ्याला आम्ही नाकारलं, तेही त्याने आमचीच चूक पकडून दिली त्या दिवशी. त्या कागदावर मी सही का केली, याचं मला पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

त्याचा बायोडेटा मी तारापूर आणि चाकणच्या दोन जुन्या सहकाऱ्यांना पाठवला. दोघंही कामाला पक्के आणि सरळ. दोघांनीही फोनवर आधी हेच विचारलं, “आधीची नोकरी का सोडली?” जसं घडलं तसं सांगितलं, आमच्या मीटरचंही. चाकणहून त्याला सोमवारी बोलावलंय. तारापूरचा फोन अजून आलेला नाही.